लूपपासून किती मैल? घराचा दर्जा आणि अंतर यांच्या हिशेबाचा मागोवा

शहराच्या मध्यापासून दूर जावे तसतशी घरे सुधारत जातात, ही समजूत आकड्यांच्या कसोटीवर घासून पाहण्याचा उद्योग अमेरिकेत कित्येक दशके चालला. सुरुवात शिकागोची. १९२५ मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी ‘लूप’ या तिथल्या व्यापारपेठेभोवती एकाबाहेर एक पट्टे कल्पिले. पेठेला लागून पडझडीचा, स्थलांतरितांनी भरलेला पट्टा, मग कामगारांची घरे, मग मध्यमवर्ग आणि शेवटी रोज ये-जा करणाऱ्यांची उपनगरे. पूर्वेला मिशिगन सरोवर, म्हणून प्रत्यक्षात वर्तुळे अर्धीच. चित्र ठसठशीत होते, पण ते निरीक्षण होते, चाचणी नव्हे.

१९३९ मध्ये होमर हॉइट यांनी घरभाड्यांचे नकाशे मांडून त्याला छेद दिला. उंची वस्ती वर्तुळाकार पसरत नाही, ती एखाद्या दिशेने पाचरीसारखी बाहेर सरकते. म्हणजे नुसते मैल मोजून भागणार नव्हते. दिशाही पाहावी लागणार होती.

खरी अडचण मात्र वेगळी होती. अंतर फूटपट्टीने मोजता येते, दर्जा कशाने मोजायचा? १९४० मध्ये अमेरिकेत पहिली देशव्यापी गृहगणना झाली, तीत मोठ्या दुरुस्तीची गरज आणि नळ-संडासाची सोय नोंदवली गेली. १९५० मध्ये ‘मोडकळीस आलेले’ आणि ‘न आलेले’ असे दोन वर्ग झाले, १९६० मध्ये तीन. आता संशोधकांना कच्चा माल मिळाला. गणनेच्या प्रत्येक छोट्या विभागातले निकृष्ट घरांचे प्रमाण घ्यायचे, मध्यापासूनचे अंतर घ्यायचे, जोडीला उत्पन्न आणि घरांचे वय ठेवायचे आणि प्रतिगमनाचे समीकरण मांडायचे. रिचर्ड मूथ यांच्या १९६९ च्या पुस्तकाचा रोख स्पष्ट होता: निकृष्ट घरांचे मूळ रहिवाशांच्या तुटपुंज्या उत्पन्नात आहे, इमारतींच्या वयात नव्हे.

पण त्या नोंदींचाच पाया डळमळीत होता. एकच घर दोन प्रगणक दोन वर्गांत टाकत. १९६७ मध्ये अमेरिकी जनगणना ब्यूरोने स्वतःच तपासणी करून ही वर्गवारी भरवशाची नाही असे मान्य केले, आणि १९७० च्या गणनेत प्रगणकाचा शेरा गळाला. ज्या आकड्यांवर समीकरणे उभी होती, त्यांतला बराचसा भाग पाहणाऱ्याच्या नजरेचा होता.

विसाव्या शतकातला सर्वांत बोलका धडा बॉस्टनचा. १९७८ मध्ये डेव्हिड हॅरिसन आणि डॅनियल रुबिनफेल्ड यांनी १९७० च्या गणनेतले ५०६ विभाग घेतले. त्यांचा मूळ प्रश्न स्वच्छ हवेसाठी लोक किती पैसे मोजतील हा होता, पण पाच रोजगारकेंद्रांपासूनचे अंतरही त्या आकडेवारीत होते. नुसते अंतर आणि घराची किंमत पाहिली तर सहसंबंध सुमारे ०.२५, धन: दूर जावे तशी किंमत चढते. प्रदूषण, घरांचे वय वगैरे घटक समीकरणात घेतले की अंतराचे चिन्ह उलटून ऋण होते. म्हणजे बाकी सारे सारखे असेल तर जवळचे घरच महाग. मध्यभागी घरे स्वस्त दिसत होती ती जवळ असल्याने नव्हे; जुनी घरे आणि प्रदूषण तिथेच एकवटल्यामुळे. अर्थात किंमत म्हणजे दर्जा नव्हे, ही मर्यादा याही अभ्यासाला आहेच.

पुढे शेजारच्या विभागांचे आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, हे भान ठेवणारे अवकाशीय सांख्यिकीचे तंत्र रूढ झाले. ‘सिद्ध’ मानलेले कित्येक निष्कर्ष त्याने सैल करायला लावले. मध्यवर्ती जुन्या वस्त्यांत सधन लोक परतू लागल्याने शहरेही बदलली.

आपल्या २०११ च्या जनगणनेतही घरे चांगली, राहण्यायोग्य आणि मोडकळीस आलेली अशी तीन वर्गांत मोजली गेली. मुंबईत फोर्टच्या व्यापारपेठेपासून श्रीमंतांची मलबार हिल जवळ आणि गिरगावच्या जुन्या चाळीही जवळच. तेव्हा मुंबईचे असे समीकरण कुणी मांडले, तर उत्तर वाचण्याआधी दोन प्रश्न विचारा: दर्जा कुणी ठरवला, आणि समीकरणात उत्पन्न घेतले का?