गोधडीचं कापड आणि ऑफिसचं जुनं कपाट : बोचक्यापासून खणापर्यंत



नवी मुंबईतलं दिवाळे हे खाडीकाठचं कोळ्यांचं जुनं गाव. गावाच्या अगदी शेजारी सीबीडी बेलापूर आहे. तिथे कोकण भवन आहे, सिडको भवन आहे, बँका आणि खासगी ऑफिसं आहेत. कागदाची कामं संगणकावर गेली तशी फायली ठेवायची लोखंडी कपाटं, टपालाचे कप्पे, मोठी टेबलं अशा ऑफिसांना नकोशी होतात आणि भंगारात जातात. आपल्या घरांत मात्र माळ्यावर, पलंगाखाली जुन्या लुगड्यांची, पातळांची, धोतरांची बोचकी पडून असतात. गोधडीसाठी म्हणून ठेवलेली, पण वर्षानुवर्षं न सोडलेली.

या दोन गोष्टींची गाठ कशी घालायची, ते आज पाहू. विषय घरगुती वाटेल, पण यात वर्गीकरण, मोजमाप, क्षेत्रफळ आणि थोडं विज्ञानही आहे. कार्यानुभवाच्या तासाला शाळेत करता येईल आणि सुट्टीत घरीही.

बोचक्यात अडचण काय?

बोचक्यातलं कापड दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते वापरलं जात नाही. तळाचं एक लुगडं हवं असेल तर सगळं उपसावं लागतं. पावसाळ्यात खाडीकाठची हवा दमट असते. घट्ट बांधलेल्या सुती कापडाला तेव्हा कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात, कसर लागते. मग घराची डागडुजी निघाली की कोणीतरी म्हणतं, "टाकून द्या ते, कुजलंय." त्या बोचक्यात पणजीचं लुगडं होतं हे सांगणारी आजी तेव्हा घरात असेलच असं नाही. कापड गेलं की त्याची गोष्टही जाते, आणि गोधडी शिकायचं निमित्तही.

गंमत अशी की आपल्याकडे एके काळी कागदसुद्धा बोचक्यातच असत. पेशवे दफ्तरातले कागद कापडात गुंडाळून बांधलेले असत, त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात असे हजारो रुमाल आहेत. त्यांतून निवडक कागद काढून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे ते सगळ्यांच्या हाती आले. मुलांच्या पाठीवरचं 'दप्तर' हा शब्दही याच 'दफ्तर'मधून आला. हे मुलांना जरूर सांगा.

पुढे जगभरच्या ऑफिसांत कागद आडवे रचण्याऐवजी उभे ठेवायची पद्धत आली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभ्या फायलिंगची ही पद्धत मांडली गेली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं होतं. कागद उभा ठेवला की कोणताही एक कागद बाकीच्यांना धक्का न लावता काढता येतो. फायलींच्या कपाटाचं सगळं मर्म एवढंच आहे, आणि आपल्याला कापडासाठी नेमकं तेच हवं आहे.

आधी वर्गीकरण, मग कपाट

कपाट आणायच्या आधी बोचकी सोडा. सगळं कापड धुऊन कडक उन्हात वाळवा. ओलसर कापड कपाटात गेलं तर कपाट हे लोखंडी बोचकंच झालं म्हणायचं. मग मुलांना बसवून तीन वेळा वर्गीकरण करायचं. एका वेळी एकच निकष, हा नियम पक्का.

पहिला निकष, जात : सुती, रेशमी की पॉलिस्टर? शंका असेल तर कडेचा एक धागा मोठ्या माणसाने चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी तयार होतो. सुती आणि पॉलिस्टर धुतल्यावर सारखं आटत नाही, म्हणून एकाच गोधडीत मिसळल्यास ती चुरगळते.

दुसरा निकष, काम : हे कापड गोधडीत कुठे जाईल? पूर्ण थराला, पट्टीला की ठिगळाला? इथे मीटर मोजण्यापेक्षा काम पाहिलेलं बरं. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी धरा. साडी साडेपाच मीटर लांब, म्हणजे सुमारे २१६ इंच, आणि ४५ इंच रुंद. सात फुटांचे, म्हणजे ८४ इंचांचे दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की रुंदी ९० इंच होते आणि ६० इंचांचा थर आरामात निघतो. दोन तुकड्यांना १६८ इंच लागले, उरले ४८ इंच. म्हणजे एका धड साडीत एक थर होतो, वर ठिगळांना कापड उरतं. हा हिशेब मुलांनाच करू द्या.

तिसरा निकष, रंग : गडद की फिका, लाल की निळा. रंग सगळ्यात शेवटी, कारण शिवणारी बाई आधी "थराला पुरेल का?" असं विचारते आणि मग "कुठला शोभेल?" असं.

एका वस्तूला अनेक बाजूंनी ओळखायचं, हा विचार ग्रंथालयशास्त्रात एस. आर. रंगनाथन यांनी पक्का केला. ते मुळात गणिताचे शिक्षक, नंतर मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. १९३३ साली त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत आली. त्यात पुस्तकाचा विषय निरनिराळ्या पैलूंनी सांगून क्रमांक तयार होतो. आपणही चिठ्ठीवर 'सुती : थर : लाल' असं लिहायचं. तीन शब्दांत कापडाचा पत्ता मिळाला.

कोणतं फर्निचर कशाला?

चार खणांचं फायलिंग कॅबिनेट : हे मोठ्या कापडांसाठी. खणाच्या आतली उंची मोजा आणि त्यापेक्षा दोन इंच कमी उंचीचे पुठ्ठे कापा. कापडाची लांबट घडी घालून ती पुठ्ठ्याला गुंडाळा आणि फायलीसारखी उभी ठेवा. दुमडलेली बाजू वर आली की रंग वरूनच दिसतो. दोन कापडांमध्ये तळहात सहज जाईल एवढी जागा सोडा, दाटीवाटी नको. सगळ्यात खालच्या खणात नऊवारी लुगडी आणि चादरी, त्यावर साड्या, त्यावर पट्ट्या, वरच्या खणात ठिगळं. लुगड्यांबरोबर आलेले खणही पट्ट्यांतच ठेवा. म्हणजे खणात खण!

टपालाचे उघडे कप्पे : हे ठिगळांना छान. प्रत्येक चौकटीत एक रंग. पण उघड्या कापडाचा रंग उन्हाने विटतो, म्हणून कप्पे खिडकीसमोर ठेवू नका, किंवा पुढे एक पडदा लावा.

ग्रंथालयाचे कार्डखण : पूर्वी पुस्तकांची सूची साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या कार्डांवर असे. त्या कार्डांचे छोटे लांबट खण काही शाळांत अजून धूळ खात असतील. रिळं, सुया, बटणं, टेप यांना ते अगदी मापाचे.

बॉक्स फाइल : यात नमुना-नोंद ठेवा. प्रत्येक कापडाचा दोन इंचांचा तुकडा कागदावर टाचायचा आणि शेजारी लिहायचं : कापड कोणाचं, अंदाजे कोणत्या सालचं, कोणत्या प्रसंगाचं, कोणत्या खणात आहे. सगळ्यात मोलाची वस्तू हीच. कपाट बाजारात परत मिळेल, पण "हे आईच्या आईने हळदीला नेसलेलं" ही ओळ मिळणार नाही. ती मुलांनी आजीला विचारून स्वतःच्या अक्षरात लिहावी.

ऑफिसचं टेबल : कापड बेतायला. बसून लिहायचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. उभं राहून कापताना त्यावर वाकावं लागतं आणि कंबर धरते. पायांखाली चार-पाच इंचांचे पक्के लाकडी ठोकळे बसवले की काम सोपं होतं.

आणताना आणि बसवताना

जुनं कपाट घेताना खण पूर्ण ओढून पाहा. रुळावरून सरकतो का, कुलूप आतून अडकत नाही ना, तळाला गंजाने भोक पडलं नाही ना? गंजाचा डाग सुती कापडावरून निघणं फार कठीण. म्हणून गंज पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइड लावा आणि वरून ऑइलपेंट द्या. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत कापड ठेवू नका.

एक सावधगिरी. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत आणणारे नियम आपल्याकडे २०१६ चे आहेत. त्याआधीच्या कपाटाचा रंग घासताना तो ओला करून, उघड्यावर, तोंडाला मास्क बांधून घासा. हे काम मोठ्यांचं. मुलं तिथे नकोत.

दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची. भरलेल्या कॅबिनेटचे वरचे दोन खण एकदम उघडले तर अख्खं कपाट पुढे कोसळू शकतं. जड कापड खाली ठेवायचं ते यासाठीच. शिवाय कपाट मागून भिंतीला पट्टीने आणि स्क्रूने पक्कं करा. मुलांना एक नियम शिकवा : एका वेळी एकच खण. घरात लहान मूल असेल तर कुलपाची किल्ली वर ठेवा.

खणाच्या तळाला वर्तमानपत्र घालू नका. त्याची शाई लागते आणि कागद पिवळा पडताना कापडालाही पिवळं करतो. धुतलेलं मांजरपाट घाला. कसरीसाठी वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. डांबराच्या गोळ्यांची वाफ लहान मुलांना घातक असते आणि गोधडी बाळाच्या अंगावरही जाते, तेव्हा त्या टाळा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की खण उघडून हवा द्या आणि वर्षातून एकदा सगळं उन्हाला दाखवा.

शाळेसाठी घेत असाल तर आणखी एक गोष्ट. एखाद्या ऑफिसने कपाट भेट दिलं तर देणगीचं पत्र घ्या आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद करा. शाळेचंच जुनं कपाट या कामी घेतलं तर ते निर्लेखनाच्या यादीत गेलेलं नाही ना, हे मुख्याध्यापकांना विचारून घ्या. पुढच्या तपासणीत प्रश्न येत नाहीत.

वर्गात काय करता येईल?

तिसरी-चौथीसाठी : ठिगळं एका निकषाने लावणं, मग निकष बदलून पुन्हा लावणं. तेच तुकडे, पण गट वेगळे. मुलांना याचं खरंच नवल वाटतं.

पाचवी-सहावीसाठी : साडेसहा इंचाचे चौकोन एका साडीतून किती निघतील? रुंदीत ६, लांबीत ३३, म्हणून १९८. कडेला पाव-पाव इंच शिवणीत गेलं की चौकोन सहा इंचाचा राहतो. पाच बाय सात फुटांच्या गोधडीला असे १० गुणिले १४, म्हणजे १४० चौकोन लागतात. उरलेल्या ५८ चौकोनांत काय करता येईल? बाळाचं दुपटं? मोजू द्या.

सातवी-आठवीसाठी : नमुना-नोंदीवरून घरातल्या कापडांचा इतिहास लिहिणं. आजीच्या काळात सुती किती, आईच्या काळात पॉलिस्टर किती? दोन पिढ्यांत कापड कसं बदललं हे आकड्यांत दिसेल.

एवढं सगळं एकदम करायला हवं असं नाही. कपाट मिळेपर्यंत एक रिकामी बॉक्स फाइल पुरेशी आहे. एक बोचकं सोडा, पाच कापडं निवडा, त्यांचे नमुने टाचा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला शेजारी बसवून विचारा, "हे कोणाचं?" ती सांगायला आहे तोवर लिहून घ्या. कपाट काय, पुढच्या महिन्यातही येईल.