एवढीशी आठवण

आमच्या सोसायटीत पंपाच्या खोलीच्या भिंतीवर पत्र्याची एक पाटी आहे. ऑइलपेंटने, जरा वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेली : 'लाइट आल्यावर आधी बघा, मग हिरवे बटण दाबा.' नव्याने राहायला आलेली मंडळी ती वाचून हसतात. टाकी आपोआप भरण्याची सोय असताना बटण कशाला दाबायचे, असे विचारतात. त्या पाटीमागे माझी एक चूक आहे. तीस वर्षे उलटून गेली, तरी ती मी विसरू शकलेलो नाही. आणि गंमत अशी, की ती चूकही विसरण्या-आठवण्याचीच होती.

गोष्ट १९९३च्या मे महिन्यातली. मी तेव्हा पुण्यातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. आमची इमारत चार मजल्यांची. पाणी पहाटे खालच्या हौदात येई आणि तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागे. हे काम आमचे वॉचमन करीत; त्यांना लहानथोर सगळे मामाच म्हणत. पण मामांनाही कधी डुलकी लागे, कधी गावी जावे लागे. मग एखाद्या दिवशी टाकी ओसंडून गच्चीवरून धबधबा कोसळे, तर एखाद्या दिवशी चौथ्या मजल्यावर कोणी अंगाला साबण लावून कोरड्या नळाकडे बघत उभा राही. सभेत यावरून जोरात भांडणे होत. अशाच एका सभेत मी उत्साहाने सांगून बसलो, "हे सगळं आपोआप करता येईल. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे."

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन सामान आणले. टाकीत एक तरंगणारा फ्लोट बसवला. पाणी चढले, की फ्लोट वर, मोटर बंद. पाणी उतरले, की फ्लोट खाली, मोटर चालू. इतके सोपे! पहिल्याच सकाळी फजिती झाली. टाकी भरली, मोटर थांबली. कोणीतरी नळाखाली बादली लावली, पाणी बोटभर उतरले, मोटर चालू. मिनिटभरात टाकी पुन्हा भरली, मोटर बंद. पुन्हा बादली, पुन्हा चालू. खाली स्टार्टरची एकसारखी खटखट. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट वीजप्रवाह खेचते. अशी ती दिवसातून शेकडो वेळा सुरू होऊ लागली, तर आतली गुंडाळी जळायला किती वेळ लागणार? मामा म्हणाले, "साहेब, हिला तर उचकी लागली."

त्या रात्री विचार करताना लक्षात आले, की मामा हे काम वेगळ्या तऱ्हेने करीत होते. एकदा मोटर सुरू केली, की टाकी भरेपर्यंत ते तिला हात लावत नसत. एकदा बंद केली, की टाकी तळाला जाईपर्यंत सुरू करीत नसत. म्हणजे टाकी अर्धी असताना मोटर चालू हवी की बंद, याचे उत्तर नुसत्या पाण्याकडे बघून मिळत नाही. त्यासाठी आपण भरतो आहोत की वापरतो आहोत, एवढे आठवावे लागते. मामांजवळ ती आठवण होती. माझ्या फ्लोटजवळ नव्हती. मला हवी होती एवढीशीच आठवण : एक 'हो' किंवा एक 'नाही'.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये ही एवढीशी आठवण ठेवणाऱ्या सर्किटला 'फ्लिप-फ्लॉप' म्हणतात. पायातल्या रबरी सपातांनाही इंग्रजीत हेच नाव आहे, त्यामुळे वर्गात पहिल्या दिवशी हमखास हशा होई. मुलांना मी घरातले उदाहरण देत असे. दारावरच्या घंटीचे बटण आणि दिव्याचे बटण यांत फरक काय? घंटीचे बटण बोट काढताच सगळे विसरते. दिव्याचे बटण मात्र तुम्ही तिथून निघून गेलात, तरी तुमचा शेवटचा हुकूम धरून बसते. फ्लिप-फ्लॉप म्हणजे एकही हलणारा भाग नसलेले, विजेनेच घडवलेले दिव्याचे बटण.

त्याची आतली रचना मोठी मजेची आहे. दोन हट्टी भाऊ समोरासमोर उभे आहेत, अशी कल्पना करा. समोरचा 'हो' म्हणाला, की आपण 'नाही' म्हणायचे आणि तो 'नाही' म्हणाला, की आपण 'हो', असा दोघांचाही खाक्या. थोरला 'हो' म्हणतो म्हणून धाकटा 'नाही' म्हणतो, आणि धाकटा 'नाही' म्हणतो म्हणून थोरला आपल्या 'हो'वर ठाम राहतो. बाहेरून एखादा धक्का मिळेपर्यंत हे असेच चालू राहते. धक्का मिळाला, की दोघेही पलटतात आणि तिथेच ठाम होतात. विल्यम एकल्स आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन या दोघांनी १९१८ साली इंग्लंडमध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा हे दोन भाऊ म्हणजे रेडिओत असत तसल्या काचेच्या दोन निर्वात नळ्या होत्या. पुढे १९४६ साली जगासमोर आलेल्या अमेरिकेतल्या एनिअॅक या अवाढव्य संगणकात आकड्यांचा एकेक अंक दहा-दहा फ्लिप-फ्लॉपच्या साखळीत साठवला जाई. आता असे दोन फ्लिप-फ्लॉप करंगळीच्या पेरावर मावणाऱ्या एका आयसीत काही रुपयांना मिळतात.

मी टाकीत दोन फ्लोट बसवले. तळाजवळचा फ्लोट फ्लिप-फ्लॉपला 'भर' म्हणून धक्का देई, वरचा 'थांब' म्हणून. मधल्या पाण्यात दोघेही गप्प. तिथे आठवणच मोटर चालवी. वर पडणाऱ्या धारेने पाणी हिंदकळून फ्लोट नाचला, तरी बिघडत नसे. फ्लिप-फ्लॉप पहिला 'थांब' ऐकून मोकळा होई. तोच हुकूम पुन्हा दहा वेळा आला, तरी त्याला फरक पडत नसे. उचकी थांबली. सभेत माझे अभिनंदन झाले.

मग मला जिकडेतिकडे फ्लिप-फ्लॉप दिसू लागले. लिफ्टचे बटण दाबून आपण हात काढतो, तरी त्याचा दिवा लिफ्ट येईपर्यंत जळत राहतो. ही आठवण ठेवायला फ्लिप-फ्लॉप अगदी चपखल. प्रश्नमंजूषेत पहिली घंटी कोणी वाजवली, हे धरून ठेवायलाही तोच. साधे बटण दाबले, तरी आतल्या पत्र्या काही सहस्रांश सेकंद एकमेकींवर उसळत राहतात. मोजणाऱ्या सर्किटला एकच दाब चार-पाच वाटू शकतात. तिथेही पहिला स्पर्श धरून बाकीच्या उसळ्यांकडे काणाडोळा करायला फ्लिप-फ्लॉप बसवतात.

पण सर्वांत सुंदर उपयोग आपल्या भिंतीवरच टांगलेला असतो. खटक्याचे बॉलपेन आठवा. एकदा दाबले की टोक बाहेर, पुन्हा दाबले की आत. टोक एकदा बाहेर यायला आणि आत जायला दोन दाब लागतात. म्हणजे पेनाने दाबांची संख्या निम्मी केली! एका प्रकारचा फ्लिप-फ्लॉप असाच वागतो. सेलवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा एक बारीक चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे. तो एकामागून एक जोडलेल्या पंधरा फ्लिप-फ्लॉपमधून नेला, की निम्मा होत जातो : १६,३८४, ८,१९२, ४,०९६... आणि पंधराव्यातून बाहेर पडतो तेव्हा उरतो बरोबर एक. सेकंदाला एक टोला. काटा पुढे सरकतो. कागद-पेन्सिल घेऊन मुलांबरोबर हा भागाकार जरूर करून पाहा.

अशा आनंदात दोन महिने गेले. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली होती. पंपाच्या ग्लँडमधून पाणी ठिबकत होते म्हणून ती संधी साधून मामा फडके घेऊन खाली बसले. त्यांनी मेन स्विच काढला नव्हता. पण त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता : लाइट गेली, की स्टार्टर पडतो. लाइट परत आली, तरी कोणी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. हा अनुभव अगदी बरोबर होता. खरे तर तो जुना लोखंडी स्टार्टर हाही एक फ्लिप-फ्लॉपच. हिरवे दाबले की धरून ठेवतो, लाल दाबले की सोडतो. आणि वीज गेली, की हमखास 'बंद'वर येतो. तो बनवणाऱ्याने हे विचार करून केलेले असते. मी माझी डबी जोडताना त्या बटणांना वळसा घातला होता.

वीज आली. मोटर एकदम फिरली. फडके दांड्याला गुंडाळले गेले. मामांनी हात ओढून घेतला म्हणून हात राहिला. दोन बोटांची साल गेली आणि एक नख. ओरडा ऐकून मी धावत खाली गेलो, तेव्हा ते पायरीवर बसून नळाखाली हात धरून होते. माझ्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आधीचा स्टार्टर लाइट गेली की सगळं विसरायचा, साहेब. तुमच्या डबीला काय आठवलं?"

तिला काहीच आठवले नव्हते, हीच तर चूक होती. वीज जाताच फ्लिप-फ्लॉपही सगळे विसरतो. परत येते, तेव्हा दोघे भाऊ एकदमच तोंड उघडतात आणि जो केसभर चपळ, त्याचे खरे होते. त्या वेळी टाकी अर्धी होती, दोन्ही फ्लोट गप्प होते, त्यामुळे त्याला सावरणारे कोणी नव्हते. जागे होताना काय व्हायचे, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. वर्गात दरवर्षी शिकवत होतो, की सुरुवातीची स्थिती अनिश्चित असते. फळ्यावर ते एक वाक्य होते. पंपाच्या खोलीत त्या वाक्याला बोटे होती.

त्याच रात्री डबी उघडली. एक रोध आणि एक कपॅसिटर असे जोडले, की वीज येताच फ्लिप-फ्लॉपला पहिला धक्का 'बंद'चाच मिळावा. पण तेवढ्याने भागणार नव्हते. टाकी रिकामी असली, तर खालचा फ्लोट लगेच 'भर' म्हणणार आणि मोटर पुन्हा न विचारता फिरणार. आयसीतला दुसरा फ्लिप-फ्लॉप वापराविना पडून होता. त्याला काम दिले परवानगीचे. तोही जागा होताना 'नाही'वर येतो आणि माणसाने हिरवे बटण दाबले, तरच 'हो' म्हणतो. दोघांचा 'हो' जुळला, तरच मोटर चालते. मामांनी पाटी मात्र स्वतःच्या हाताने रंगवली, बोटांना पट्टी असतानाच. अक्षरे वेडीवाकडी आहेत ती त्यामुळे.

आज प्रत्येक संगणकाच्या आणि मोबाइलच्या प्रोसेसरमध्ये प्रचंड संख्येने फ्लिप-फ्लॉप असतात. तिथल्या अतिवेगवान स्मरणाचा एकेक कण बहुधा सहा ट्रान्झिस्टरचा असतो आणि त्याच्या पोटात तेच दोन हट्टी भाऊ उभे असतात. वीज मिळताच प्रोसेसरला आधी 'रीसेट'चा इशारा दिला जातो, तो त्याला ठरलेल्या जागेवरून सुरुवात करता यावी म्हणून. निवृत्त होईपर्यंत फ्लिप-फ्लॉपचा धडा मी या रीसेटपासूनच सुरू करीत असे. आठवण ठेवायला कसे शिकवायचे, ते त्यानंतर.

मामा आता गावी असतात. डबी दोनदा बदलली. पाटीला मात्र दर दोन-चार वर्षांनी रंगाचा नवा हात देतो, त्याच अक्षरांवरून.