श्रोतृमंडळे : दूरशिक्षणाचा एक आरंभीचा प्रयोग

दूरशिक्षण म्हणजे टपालाने पाठ धाडणे, हा समज अपुरा आहे. अहमदनगरसह (आजचे अहिल्यानगर) पाच जिल्ह्यांत १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे खेड्यांत वीस-एक ग्रामस्थ आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवीत. निरक्षरालाही तेथे मत मांडता येई. पॉल न्यूराथ यांच्या मूल्यमापनात मंडळे असलेल्या गावांची ज्ञानवृद्धी नुसता रेडिओ असलेल्या गावांहून पुष्कळच अधिक आढळली. ज्ञान ध्वनिक्षेपकातून आले खरे, परंतु ते रुजले चर्चेत. १९५९ पासून मंडळांचा देशभर विस्तार झाला. पुण्याच्या प्रयोगास लाभलेली निकट देखरेख मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.