मानाची खुर्ची दुसऱ्याला

घर असो, महिला मंडळ असो की सोसायटीची कमिटी, पुढारपण मिळवण्यासाठी माणसं काय काय करतात, ते आपण रोज पाहतो. पण हाती आलेलं पुढारपण 'यावर माझ्यापेक्षा यांचा हक्क जास्त आहे' असं म्हणून दुसऱ्याला देणारे विरळाच. आणि मग त्याच माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं मनापासून काम करणारे तर त्याहून विरळा! दिल्लीत 1906 साली एका इंग्रज धर्मोपदेशकाने हे करून दाखवलं. त्यांचं नाव चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज. पुढे सारा देश त्यांना दीनबंधू म्हणून ओळखू लागला.

वीस वर्षं आणि दोन वर्षं

दिल्लीचं सेंट स्टीफन्स कॉलेज केंब्रिज मिशनने 1881 मध्ये सुरू केलं. काश्मिरी गेटजवळची त्याची जुनी इमारत अजून उभी आहे. आता तिथे दिल्लीच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. कॉलेज 1941 मध्ये विद्यापीठाच्या परिसरात गेलं.

1906 साली या कॉलेजचं प्राचार्यपद रिकामं झालं. सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक तिथे 1886 पासून शिकवत होते. म्हणजे वीस वर्षांची सेवा, कॉलेजची खडान्‌खडा माहिती आणि विद्यार्थ्यांचा विश्वास. अँड्र्यूज 1904 मध्ये केंब्रिजहून आलेले, जेमतेम दोन वर्षांचे. तरीही प्राचार्यपदासाठी अँड्र्यूज यांचाच विचार झाला. कारण उघड होतं, ते इंग्रज होते. भारतीय माणसाच्या हाती कॉलेजची शिस्त राहील का, ही शंका मिशनच्या वरिष्ठांनाही होती. आपल्याच धर्माचा, आपल्याच संस्थेत केस पांढरे केलेला माणूसही त्यांना पुरेसा विश्वासाचा वाटत नव्हता.

अँड्र्यूज यांनी पद घेतलं नाही. एवढंच करून ते थांबले असते, तर दुसरा कोणी इंग्रज आला असता. म्हणून रुद्रांची नेमणूक होणार नसेल तर आपण राजीनामा देऊ, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अखेर रुद्र प्राचार्य झाले, कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य. 1923 पर्यंत त्यांनी हे पद सांभाळलं.

खरी परीक्षा नंतरची

पद नाकारणं एका दिवसाचं काम आहे. त्या दिवशी लोक वाहवाही करतात. कसोटी लागते ती दुसऱ्या दिवसापासून. ज्याला आपण वर बसवलं, त्याचा निर्णय पटला नाही तर? 'माझ्यामुळेच तर हा इथे बसला' हा विचार मनात डोकावला तर?

अँड्र्यूज 1914 पर्यंत म्हणजे जवळजवळ आठ वर्षं रुद्रांच्या हाताखाली शिकवत राहिले. राज्य इंग्रजांचं असताना एका इंग्रजाने भारतीय वरिष्ठाचं ऐकायचं, हे त्या काळी सहज पचणारं नव्हतं. त्यांच्यात मात्र उपकाराची भाषा आली नाही, घट्ट मैत्री झाली. 1932 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट आय ओ टु ख्राइस्ट' या आत्मकथनात अँड्र्यूज यांनी या मैत्रीचं ऋण मोकळेपणाने मानलं आहे. रुद्रांना आपण मोठं केलं, असं न मानता रुद्रांनीच आपल्याला भारत समजावला, असं ते मानत राहिले.

मिळालेल्या खुर्चीचं रुद्रांनी काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. 1915 पासून गांधीजी दिल्लीत आले की रुद्रांच्या घरी उतरत. 1920 साली खिलाफतीच्या प्रश्नावर व्हाइसरॉयना लिहिलेल्या पत्राचा मसुदा त्याच छपराखाली तयार झाला. आपल्या मुक्कामामुळे रुद्र आणि कॉलेज अडचणीत येतील, ही गांधीजींना काळजी. पण रुद्रांनी त्यांना दुसरीकडे जाऊ दिलं नाही. 1925 मध्ये रुद्र वारले, तेव्हा 'यंग इंडिया'त गांधीजींनी हे सगळं कृतज्ञतेने लिहिलं.

वाकणारी श्रद्धा

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने स्वतः आपल्या शिष्यांचे पाय धुतले, असं योहानाच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे. गुरूने शिष्यांपुढे वाकायचं, हा ख्रिस्ती धर्मातल्या नेतृत्वाचा पहिला धडा. दर रविवारी चर्चमध्ये तो ऐकणं सोपं. तो अंगी बाणवणं म्हणजे आध्यात्मिक वाढ.

अँड्र्यूज यांच्यात ही वाढ टप्प्याटप्प्याने दिसते. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सांगण्यावरून ते तिकडे गेले. जानेवारी 1914 मध्ये दरबानच्या बंदरात उतरल्यावर या इंग्रजाने चारचौघांत गांधीजींच्या पायांना हात लावला. तिथल्या गोऱ्यांना ते मुळीच रुचलं नाही.

1917 मध्ये चंपारणमध्ये निळीच्या शेतकऱ्यांचा प्रश्न पेटला. अँड्र्यूज तिथे भेटीला आले, तेव्हा स्थानिक वकिलांनी त्यांना थांबवून घेण्याचा आग्रह धरला. एक इंग्रज पाठीशी असला की बळ येईल, हा त्यांचा हिशेब. गांधीजींनी तो बरोबर ओळखला. इंग्रजाचा आधार शोधणं हे मनाचं दुबळेपण आहे, असं सांगून त्यांनी अँड्र्यूजना ठरल्याप्रमाणे फिजीला जायला सांगितलं. अँड्र्यूज निमूटपणे निघून गेले. आपण नसल्याने दुसरा उभा राहणार असेल, तर बाजूला होणं हीही सेवाच, हे त्यांना काश्मिरी गेटमध्येच उमगलं होतं. फिजीतल्या गिरमिटिया मजुरांसाठी ते मात्र झटत राहिले. ती मजुरीची पद्धत 1920 मध्ये संपली.

आपल्या घरात

हे सगळं थोरामोठ्यांचं, असं म्हणून सोडून देऊ नका. सासूबाई सुनेच्या हाती किल्ल्या देतात, पण डब्यातली डाळ किती काढली, ते रोज पाहतात. वडील दुकान मुलावर सोपवतात, पण गल्ल्याशेजारची खुर्ची काही सोडत नाहीत. मंडळाच्या माजी अध्यक्षा नव्या अध्यक्षांच्या प्रत्येक निर्णयावर 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणतात. अधिकार दिल्यासारखा दिसतो, मिळालेला मात्र नसतो. मग नवा माणूस कधी तयारच होत नाही आणि 'यांना काही जमत नाही' हे आपलं म्हणणं खरं ठरतं.

पुढच्या वेळी किल्ल्या द्याल, तेव्हा डाळीचा डबा उघडून पाहू नका. सुनेने नवा बेत केला, तर तिच्या सांगण्याप्रमाणे भाजी चिरून द्या. देणाऱ्याने हाताखाली काम केलं, तरच घेणाऱ्याला आपण खरोखर कारभारी झालो, हे पटतं.