एअर रायफलची ताकद कमी झाली? उघडण्याआधी मोबाईलने तपासा!

'आधी छर्रा डब्यातून आरपार जायचा, आता नुसता पोचा पडतो.' स्प्रिंगवाल्या एअर रायफलची ही नेहमीची तक्रार. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: स्प्रिंग बसली, नवीन टाक. पण थांबा. दोष बऱ्याचदा स्प्रिंगमध्ये नसतो, हवा कुठेतरी गळत असते.

ताकद येते कुठून?

नळी मोडून लोड केली की स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर ओढल्यावर ती पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टन समोरची हवा दाबतो आणि ती हवा छर्रा फेकते. म्हणजे छर्ऱ्याला स्प्रिंग नाही, हवा ढकलते. वाटेत गळती झाली की स्प्रिंग कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

आधी मोजा

चष्मा घाला. १० मीटरवर पेलेट ट्रॅप ठेवा, मागे भक्कम आडोसा हवा. मोबाईल तुमच्याजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा. ऑडिओ एडिटर ॲपमध्ये दोन उंच रेषा दिसतील: एक फायरची, एक छर्रा आदळल्याची. दोघींमधल्या वेळेतून ०.०२९ सेकंद वजा करा, कारण आदळल्याचा आवाज १० मीटर परत यायला तेवढा वेळ लागतो. आता १० ला उरलेल्या वेळेने भागा. झाला सरासरी वेग!

मी लवासात राहतो. मुळशीच्या डोंगरात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी पावसाळाभर हवा दमट असते. माझ्या रायफलचं जूनमधलं अंतर ०.०९६ सेकंद होतं, म्हणजे सेकंदाला साधारण १५० मीटर. ऑक्टोबरमध्ये ते ०.१२० झालं, म्हणजे ११० मीटर. वेग पाव भागापेक्षा थोडा जास्त उतरला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे ती जवळपास निम्मी झाली! ओळखीच्या एकाने लगेच सांगितलं, 'पावसाने स्प्रिंग गंजली असणार.' मी मात्र खालच्या क्रमाने गेलो.

तपासणीचा क्रम

१. छर्रे: नवीन डबी घेऊन पाच फायर मोजा. कडा चेपलेले छर्रे नळीत नीट बसत नाहीत, हवा बाजूने निसटते.

२. नळी आणि स्क्रू: नळी कापडाच्या तुकड्याने साफ करा. सगळे स्क्रू घट्ट आहेत ना बघा.

३. नळीचं सील: नळी जिथे मोडते तिथे रबराची छोटी रिंग असते. नळी बंद करून त्या जोडावर टिश्यूची बारीक पट्टी ठेवा आणि छर्रा घालून फायर करा. चेहरा आणि बोटं लांब! पट्टी उडाली तर हवा तिथूनच गळतेय.

४. पिस्टनचं सील: पट्टी हलत नाही, लोड करताना जोर नेहमीइतकाच लागतो, पण फायर करताना धातूवर धातू आपटल्यासारखा 'टक्' आवाज येतो? मग संशय पिस्टनच्या सीलवर. हवेची उशी नसल्याने पिस्टन थेट टोकाला आदळतो.

५. स्प्रिंग: लोड करताना हलकं वाटत असेल किंवा करकर आवाज येत असेल, तरच स्प्रिंगकडे वळा.

माझी पट्टी तिसऱ्याच पायरीवर उडाली. रिंग जुनी होऊन कडक झाली होती. नवीन रिंग टाकल्यावर अंतर ०.०९८ सेकंदांवर आलं. स्प्रिंगला हातही लावावा लागला नाही.

हे करू नका

- पिस्टनसमोर शिवणयंत्राचं किंवा दुसरं साधं तेल टाकू नका. दाबलेली हवा तापते, तेल पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो. वेग थोडा वेळ वाढल्यासारखा वाटतो, पण सील जळतं.
- छर्रा न घालता फायर करू नका.
- स्प्रिंग कंप्रेसर नसेल तर पिस्टन आणि स्प्रिंग उघडू नका. आतली स्प्रिंग लोड नसतानाही थोडी दाबलेलीच असते. सुटली तर तोंडावर येईल. चौथ्या-पाचव्या पायरीचं काम जाणकार मेकॅनिककडेच द्या.

आणि एक सवय लावा: रायफल चांगली चालत असतानाच आकडा लिहून ठेवा. छर्रे तेच आणि अंतर तेवढंच ठेवा. जुना आकडा हाताशी असला की बिघाड अंदाजाने शोधावा लागत नाही.