कंसाची काटकसर महागात पडते

सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये शोभेल असा हिशेब घ्या. सेटिंग चार्ज ५०० रुपये आणि १२ रुपये दरानं ४० नग. टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर ५०० + ४० × १२ असं ओळीनं दाबलं की येतात ६४८०. मोबाइलवर तेच दाबा, ९८० येतील. साधा कॅल्क्युलेटर गुणिलेचं बटण दाबताक्षणी आधीची बेरीज उरकून मोकळा होतो. मोबाइल सगळी ओळ पाहून गुणाकाराला आधी मान देतो. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये तर दोघंही नांदतात. स्टँडर्डमध्ये ६४८०, सायंटिफिकमध्ये ९८०!

गुणाकार आधी, हा काही निसर्गाचा नियम नव्हे. सोयीसाठी ठरवलेला संकेत आहे. शाळेत तो ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) म्हणून घोकला, आणि घोकंपट्टीनंच घोळ वाढवला. ‘बे’ आधी म्हणून १० − ४ + ३ चं उत्तर ३ काढणारे पुष्कळ. खरं उत्तर ९, कारण बेरीज-वजाबाकी एकाच पंगतीतल्या. डावीकडून जी आधी येईल ती आधी. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. अमेरिकेतली मुलं घोकतात त्या सूत्रात तर गुणाकार भागाकाराच्या आधी येतो, नियम मात्र तोच.

खरी गंमत ‘चे’ची आहे. १२ ÷ १/२ चे ६ म्हणजे आधी सहाचे निम्मे, मग १२ ÷ ३, उत्तर ४. ‘चे’च्या जागी गुणिले घाला आणि अपूर्णांक एक संख्या धरा, तर उत्तर १४४. समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी भांडणं लावणारं ६ ÷ २(१ + २) हे कोडं माझ्या मते याच ‘चे’चं भावंड आहे. चिन्ह न लिहिलेला गुणाकार जास्त घट्ट मानायचा की नाही? घट्ट मानला तर १, नाही तर ९. कॅसिओचे अलीकडचे सायंटिफिक कॅल्क्युलेटर स्वतःच जादा कंस घालून १ दाखवतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ आणि टीआय-८३ या दोन मॉडेलांचं एकमेकांशीच पटत नाही. गणिती चिन्हांचा इतिहासकार फ्लोरियन कजोरीनं तर १९२८ मध्येच नोंदवून ठेवलं होतं, की ÷ आणि × एकत्र आले तर आधी कोण, यावर एकमत नाही. तेव्हा कोडं घालणाऱ्यालाच कंस घालायला सांगावं.

सीएनसी मशीनवर मात्र कोडं घालणारा आणि सोडवणारा एकच. जॉबच्या दोन कडा १० आणि ३० मिलिमीटरवर असतील, तर मध्य २०. कडांची मापं #१०१ आणि #१०२ मध्ये ठेवली, तर फॅनक कंट्रोलरच्या मॅक्रोत तो [#१०१+#१०२]/२ असा लिहितात. कंस चौकोनीच हवा. गोल कंसातला मजकूर तिथं ऑपरेटरसाठीची टीप समजला जातो. आणि कंस राहूनच गेला, तर आधी ३० चे निम्मे होतात, त्यात १० मिळतात आणि ड्रिल २५ वर उतरतं. अलार्म वाजत नाही, कारण मशीननं नियम तंतोतंत पाळलेला असतो.