रिलेची कटकट
लेखमाला : घरच्या घरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर – लेखांक ७

परळच्या एका वाचकांचा फोन आला तेव्हा ते चांगलेच वैतागले होते. गणपतीच्या आत वाजलाच पाहिजे या हट्टाने त्यांनी चाळीतल्या खोलीत दोन ईएल८४ आणि दोन ईसीसी८३ घेऊन स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर उभा केलेला. फिलामेंट छान लालसर होतात, पण एचटी, म्हणजे व्हॉल्व्हचं उच्च व्होल्टेज, चालू करणारा रिले काही ओढत नाही. गंमत म्हणजे व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढले की तोच रिले टक्कन ओढतो! लॅमिंग्टन रोडवरून त्यांनी तीन नवे ‘शुगर क्यूब’ रिले आणले. तिघांचीही तीच तऱ्हा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

रिले मुळात बसवायचा कशाला? व्हॉल्व्ह तापेपर्यंत टायमर लावून एचटी अडवून ठेवायला. व्हॉल्व्ह थंड असताना प्रवाह घेत नाहीत. त्या वेळी २५०-०-२५० च्या ट्रान्सफॉर्मरवर डायोडनंतर थेट ३५३ व्होल्ट चढतात. त्यातून ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी २२० व्होल्टसाठी गुंडाळलेलं असेल आणि तुमच्या प्लगला २४० येत असतील, तर हाच आकडा ३८५ च्या वर जातो आणि ३५० व्होल्टचा कंडेन्सर फुगतो. अशा वेळी फिलामेंटलाही ६.३ ऐवजी जवळजवळ ६.९ व्होल्ट मिळतात. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या पाठीला व्होल्टेज निवडायची सोय असायची ती काही शोभेसाठी नव्हती. म्हणून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेताना २३० आणि २४० अशी दोन टॅपिंग मागून घ्या.

परळकरांना मी एवढंच सांगितलं : रिले बदलू नका, व्हॉल्व्ह लावलेले असताना त्याच्या कॉइलवर किती व्होल्ट येतात ते बघा. उत्तर आलं, साडेसात. आणि रिले १२ व्होल्टचा!

त्यांनी रिलेचा सप्लाय फिलामेंटच्याच वाइंडिंगवर ब्रिज लावून काढला होता. हिशेब करा. ६.३ गुणिले १.४१ म्हणजे ८.९, त्यातून ब्रिजच्या दोन डायोडचे १.४ गेले, उरले ७.५. १२ व्होल्टच्या रिलेला ओढायला साधारण ९ लागतात, एखादा गुणी नग ८ वरही ओढतो. व्हॉल्व्ह काढले की वाइंडिंगवरचा २.१ अँपियरचा भार जातो, तिथले व्होल्ट ७ च्या आसपास चढतात आणि कॉइलला साडेआठ मिळतात. गुणी नगाचं तेवढ्यात भागतं. रिले बिचारा खरं तेच सांगत होता. ६ व्होल्टचा, १०० ओहम कॉइलचा रिले घेतला, त्याच्याशी २२ ओहमचा रेझिस्टन्स सिरीजमध्ये टाकला आणि तो प्रश्न मिटला. मात्र फिलामेंटचा सेंटर टॅप चेसिसला जोडलेला असेल तर ब्रिजची मायनस बाजू चेसिसला जोडू नका. अर्धं वाइंडिंग एका डायोडमधून शॉर्ट होतं आणि खोलीत वास सुटतो. तो वास मी घेतलेला आहे.

दुसरी गफलत कॉन्टॅक्टची. रिलेवर २५० व्होल्ट एसी छापलेलं असतं, पण त्याच्याच खाली डीसी फक्त ३० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. एसीतली ठिणगी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येऊन विझते. डीसीला शून्यच नाही. ठिणगी ताणली जाते, कॉन्टॅक्ट काळे पडतात, कधी चिकटूनच बसतात. म्हणून रिले फिल्टर कंडेन्सरच्या पुढे घालू नये. एचटी वाइंडिंगच्या सेंटर टॅपमध्ये घालावा. तिथला प्रवाह तुटक असतो, ठिणगीला विझायला फट मिळते.

आता माझी फजिती. नवं काम पहिल्यांदा सिरीज बल्बवर चालू करायचं, हा आपल्या इलेक्ट्रिशियन मंडळींचा नियम मीही पाळतो. बोर्डावर ६० वॅटचा पिवळा बल्ब होता. अर्ध्या मिनिटाने रिले टक्, बल्ब भगभगला, रिले पुन्हा टक् करून सुटला. अर्ध्या मिनिटाने परत तेच. तासभर मी टायमर उकलत बसलो. दोष कुठेच नव्हता. एचटी जोडली गेली की सगळा भार बल्बवर यायचा, सप्लाय निम्म्यावर बसायचा आणि टायमर पहिल्यापासून मोजायला लागायचा. शॉर्ट नाही एवढी खात्री झाली की बल्ब काढून टाका. रिलेची परीक्षा पूर्ण व्होल्टेजवरच घ्या.

आत हात घालण्याआधी प्लग काढून एचटी कंडेन्सरवर मीटर लावा. २२० किलोओहमचा ब्लीडर असला तरी १०० मायक्रोफॅरड रिकामा व्हायला दोनेक मिनिटं लागतात. आकडा १० च्या खाली आल्याशिवाय बोट नाही. आणि चालू सेटवर मोजताना डावा हात खिशात.

परळकरांचा परवा पुन्हा फोन. नवा रिले ओढायचा, पण टायमर तपासायला बसलं की नाही. त्यांचा ५५५ चा टायमर २७० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा, म्हणजे ३० सेकंदांचा. कंडेन्सर ५ व्होल्टला पोचला की वेळ संपते. पण हे मोजत होते वडिलांच्या काट्याच्या मीटरने. २० हजार ओहम प्रति व्होल्टचा मीटर १० च्या रेंजवर ठेवला की तो स्वतःच २ लाख ओहमचा रेझिस्टन्स होतो, आणि कंडेन्सर ३.२ च्या पुढे जातच नाही.

“प्रोब उचला,” मी म्हटलं. फोन त्यांनी कानाला तसाच धरला होता. पलीकडे कुणीतरी कुकरची शिट्टी मोजत होतं. मग टक् झालं.

पुढच्या आठवड्यात याच अ‍ॅम्प्लिफायरची घरघर.